घरटे कोणाचे, अंडे कोणाचे?

एप्रिल महिना, सोलापूरकडचा मुरमाड माळ. गवत करपून गेलेले आणि खड्यांमध्ये चार अंडी उघड्यावर पडलेली. खाली काडी नाही, पान नाही. जमीन जरा खरवडून केलेला उथळ खळगा आणि कडेने मांडलेले बारीक खडे, एवढेच घरटे. अंड्यांचा रंग मातकट करडा, त्यावर काळसर तपकिरी डाग. दोन पावले मागे सरून पुन्हा पाहावे, तर ती सापडत नाहीत. माळावर रोज शेळ्या नेणारा गुराखी मात्र ही जागा लांबूनच दाखवतो. त्याची नजर अंड्यांवर नसतेच. ती असते डोक्यावर ओरडत घिरट्या घालणाऱ्या टिटवीवर.

रानातली घरटी आणि अंडी ओळखण्याची खरी रीत या गुराख्याची आहे. अंडे हा शेवटचा पुरावा. आधी जागा पाहायची, मग महिना, मग घरट्याची बांधणी, मग अंड्यांची संख्या आणि शेवटी, थोडे थांबायची तयारी असेल तर, परतून येणारे आईबाप. एवढे जुळले की अंड्याच्या रंगाने त्यावर फक्त शिक्कामोर्तब होते. उलट, नुसते अंडे समोर ठेवून ‘हे कोणाचे?’ असे विचारले, तर मुरलेला पक्षीनिरीक्षकही पुष्कळदा नेमके उत्तर देऊ शकत नाही.

माळाचेच उदाहरण घेऊ. दख्खनच्या उघड्या माळावर जमिनीवर अंडी घालणारे पक्षी बरेच आहेत आणि सगळ्यांची अंडी मातीच्या रंगात मिसळणारी. तरीही त्यांच्यात फरक करता येतो. टिटवी बहुधा चार अंडी घालते. ती एका टोकाला चांगलीच निमुळती असतात आणि निमुळती टोके आत, मध्याकडे वळवलेली असतात. धाविक हा टिटवीपेक्षा लहान, तुरुतुरु पळणारा पक्षी. त्याची अंडी दोन किंवा तीन आणि बरीचशी गोलसर. पखुर्डीची अंडी साधारण तीन, दोन्ही टोकांना सारखीच गोल. करवानकाची दोन, मोठी. रातव्याचीही दोनच, पण त्यांच्यावर गुलाबी झाक असते आणि त्यांच्याखाली खळगाही धड नसतो. पाचोळ्यावर किंवा नुसत्या मातीवर ती पडलेली असतात. म्हणजे रंगाचा विचार करण्याआधीच संख्या आणि आकार यांनी बहुतेक उमेदवार बाद केले.

राहता राहिल्या दोन टिटव्या. डोळ्यापुढे लाल मांस असलेली नेहमीची टिटवी आणि पिवळे मांस असलेली माळटिटवी. दोघींची अंडी चार, दोघींची टोके आत वळलेली. माळटिटवीची अंडी थोडी लहान, पण तो फरक मोजायला अंडे हातात घ्यावे लागेल, आणि ते करायचे नाही. इथे जागा कामाला येते. नेहमीच्या टिटवीला जवळपास पाणी हवे असते: तळे, ओढा, पाट, भिजवलेले शेत. माळटिटवी कोरड्या, उजाड माळावरही सुखाने राहते. आणि आपण दूर सरून थांबलो की पक्षी थोड्याच वेळात परत येतोच. लाल की पिवळे, एवढे दुर्बिणीतून पाहिले की प्रश्न मिटला.

टिटवीच्या अंड्यांवरून पावसाचा अंदाज बांधण्याची प्रथा खेड्यापाड्यांत अजून आहे. अंडी उंच जागी असली तर पाऊस जास्त, सखल जागी असली तर कमी; अंडी जितकी तितके महिने पाऊस. चार अंडी ही टिटवीची दरवर्षीचीच रीत आहे, त्यामुळे हे दुसरे भाकीत दरवर्षी चांगलेच निघणार. पण या प्रथेमुळे एक गोष्ट मोलाची झाली आहे: शेतकरी घरट्याची जागा लक्षात ठेवतो, आणि पुष्कळ ठिकाणी तेवढा तुकडा सोडून नांगर वळवतो.

निमुळत्या अंड्यांबद्दल जुने स्पष्टीकरण असे की ती टोके आत करून ठेवली तर कमी जागेत बसतात आणि पक्ष्याच्या पोटाखाली सगळ्यांना ऊब मिळते. २०१७ मध्ये मेरी स्टोडार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १,४०० जातींच्या जवळपास ५०,००० अंड्यांचे आकार तपासले. त्यांना अंड्याच्या आकाराचा सर्वांत ठळक संबंध दिसला तो पक्ष्याच्या उड्डाणक्षमतेशी: उडण्यात तरबेज असलेल्या पक्ष्यांची अंडी जास्त लांबट किंवा निमुळती. एवढी अंडी मोजायला मिळाली ती संग्रहालयांमुळे, आणि त्या संग्रहांचा इतिहास भारताशीही जोडलेला आहे.

काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे आपल्याकडच्या पक्षिशास्त्रातलेही एक मोठे नाव. भारतातील पक्ष्यांची घरटी आणि अंडी या विषयावरचा त्यांचा ग्रंथ १८७३ पासून प्रसिद्ध होऊ लागला. पुढे १८८९-९० मध्ये यूजीन ओट्स यांनी त्याची सुधारित आवृत्ती काढली. ह्यूम यांनी पक्ष्यांची कातडी आणि अंडी यांचा आपला प्रचंड संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिला. त्यांच्यानंतर आसामात पोलीस अधिकारी असलेल्या स्टुअर्ट बेकर यांनी १९३२ ते १९३५ या काळात याच विषयावर चार खंड लिहिले. आजही भारतातल्या एखाद्या पक्ष्याचे अंडे कसे असते हे शोधताना अभ्यासक ह्यूम आणि बेकर या दोघांपर्यंत पोचतात. त्या पिढीची पद्धत होती घरटे शोधून अंडी काढून नेण्याची, कवचाला छिद्र पाडून आतला बलक काढून टाकण्याची आणि कापसात मांडून ठेवण्याची. किती पिढ्या त्या कापसात संपल्या, याचा हिशेब नाही. तरी त्या जुन्या कवचांनी एकदा पक्ष्यांवर उपकारही केले. डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये ब्रिटनमधल्या बहिरी ससाण्याची जुनी आणि नवी कवचे ताडून पाहिली तेव्हा १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कवच पातळ होत गेल्याचे दिसले. डीडीटीसारख्या कीटकनाशकांविरुद्धचा तो एक निर्णायक पुरावा ठरला.

आता रंगाकडे. पक्ष्यांच्या अंड्यांवरचे सगळे रंग मुख्यतः दोनच रंगद्रव्यांतून तयार होतात. बिलिव्हर्डिनमधून निळे-हिरवे, प्रोटोपॉर्फिरिनमधून तांबडे-तपकिरी. दोन्ही नसली तर उरतो चुन्याचा पांढरा रंग, कारण कवच म्हणजे मुळात कॅल्शियम कार्बोनेट. कोंबडीच्या अंड्याचे कवच तयार व्हायला सुमारे वीस तास लागतात आणि डाग, ठिपके चढतात ते शेवटच्या टप्प्यात. म्हणून एकाच मादीच्या एकाच विणीतली अंडीही हुबेहूब सारखी नसतात. पुस्तकातले चित्र आणि समोरचे अंडे तंतोतंत जुळले नाही म्हणून गोंधळून जायचे कारण नाही.

पांढरे अंडे बहुतेक वेळा अंधारातले असते. खंड्या आणि वेडा राघू मातीच्या दरडीत बोगदा खणतात, तांबट आणि सुतार लाकडात ढोली कोरतात, पोपट, पिंगळा आणि चास आयत्या ढोल्या किंवा भोके शोधतात. या सगळ्यांची अंडी पांढरी. आत कोणाची नजर पोचत नाही, तिथे लपवण्यासाठी रंग कशाला? भिंगऱ्यांच्या एकाच कुळात हे फार सुंदर दिसते. तारवाली भिंगरी पुलाखाली, पाण्याजवळ चिखलाच्या गोळ्यांची उघडी अर्धवाटी बांधते. तिच्या अंड्यांवर तांबूस ठिपके असतात. लालबुडी भिंगरी त्याच चिखलाची, पण लांब नळीचे तोंड असलेली बंद सुरई बांधते. तिची अंडी निव्वळ पांढरी. पुलाखाली उभे राहून घरट्याचे तोंड पाहिले की आत काय असेल ते न पाहता सांगता येते.

पण नियमाला अपवाद भरपूर आहेत, आणि ते पाठ असल्याशिवाय ओळख पक्की होत नाही. साळुंकी भोकात घर करते, तरी तिची अंडी तकतकीत निळी. दयाळही पोकळीत घरटे करतो, पण त्याची अंडी फिकट हिरवट निळी आणि तपकिरी ठिपक्यांची. याउलट होला उघड्यावर चार काटक्यांचे घरटे करतो, इतके विरळ की खालून आरपार दिसावे, आणि त्यात दोन पांढरीशुभ्र अंडी घालतो. नर-मादी पाळीपाळीने बसून अंडी सहसा उघडी पडूच देत नाहीत, हे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. शहरातल्या गॅलरीत, एसीच्या डब्यामागे मोजक्या काड्या आणि दोन पांढरी अंडी दिसली, तर ती होल्याची किंवा पारव्याची. पारव्याचा पसारा अधिक आणि विष्ठाही फार.

घरट्याची बांधणी वाचायला शिकणे हा या छंदाचा सर्वांत रसाळ भाग. बालगोष्टीतल्या कावळ्याचे घर शेणाचे असते. खरा कावळा काटक्या रचतो, आणि शहरात तारा, वायरींचे तुकडे, पत्र्याच्या पट्ट्याही. आतली वाटी मात्र काथ्या, केस, मुळे यांनी मऊ केलेली. कोतवालाची उथळ वाटी फांदीच्या बेचक्यात, बरीच उंच. हळद्या बेचक्यातच, पण दोन फांद्यांमध्ये झोळी टांगल्यासारखी बांधतो. कोतवालाच्या झाडावर हळद्या किंवा होला घर करतो, हा योगायोग नाही. कोतवाल कावळ्यालाही आणि घारीलाही पिटाळून लावतो, त्या पहाऱ्याचा फायदा शेजाऱ्यांना मिळतो. म्हणून एका झाडावर एक घरटे सापडले की बाकीचे झाडही तपासावे.

सुभग आणि नाचण यांची घरटी लहान, नीटस वाट्या. बाहेरून कोळिष्टके लिंपलेली. नाचणाच्या वाटीखाली बहुधा गवताचे धागे लोंबत राहतात आणि तेवढ्यावरून ती ओळखू येते. शिंजिराचे घरटे लोंबते, बाजूला तोंड आणि तोंडावर छोटे छप्पर. बाहेरून त्याला सालीचे तुकडे, सुरवंटांची विष्ठा, कोळ्यांची कवचे असे काहीबाही चिकटवलेले असते. वाऱ्याने अडकलेला कचरा समजून लोक ते झाडून टाकतात! बागेत झाडू मारण्याआधी अशा ‘कचऱ्याला’ बाजूने भोक आहे का, एवढे पाहिले तरी शिंजिराची एक वीण वाचते.

शिंपी आणि राखी वटवट्या यांची जोडी तर प्रत्येक नवशिक्याला चकवते. दोघे आकाराने चिमुकले, दोघे कुंपणात, झुडपांत वावरणारे. शिंपी एक मोठे पान दुमडून किंवा दोन-तीन पाने जवळ आणून कापसाच्या, कोळिष्टकाच्या धाग्यांनी कडा शिवतो आणि आतल्या पिशवीत मऊ वाटी करतो. राखी वटवट्याही कधी कधी हुबेहूब तसेच पानांत शिवलेले घरटे करतो. कधी गवताच्या काड्यांत गुंतवलेली पिशवी करतो. नुसत्या टाक्यांवरून निकाल लावला तर फसायला होते. अंड्यांनी मात्र शंका उरत नाही. शिंप्याची अंडी तांबूस किंवा निळसर पांढरी, तांबड्या-तपकिरी ठिपक्यांची. वटवट्याची अंडी चकचकीत विटकरी, जणू कोणी पॉलिश केलेली. आपल्याकडच्या बागेत इतके लालसर, चकाकणारे अंडे दुसरे नाही. अंड्याच्या रंगाने एकहाती निर्णय द्यावा, अशी ही दुर्मीळ जागा.

सुगरणीचे लोंबते घरटे ओळखता येत नाही असा माणूस गावात मिळणार नाही. तरी त्यातही वाचण्यासारखे बरेच असते. ते विणतो नर. अर्धवट विणून, टोपासारखे झाले की तो थांबतो. मादी येऊन पाहते, तिला पसंत पडले तरच तो अंड्यांची खोली आणि खाली उतरणारी नळी पुरी करतो. म्हणजे बाभळीवर वा शिंदीवर टोपाच्या अवस्थेत लटकणारी घरटी ही नापसंत झालेली असू शकतात. त्यांत अंडी शोधण्यात अर्थ नाही. हे सगळे नीट उलगडले ते सलीम अली यांनी, १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला एका वसाहतीचे निरीक्षण करून. एका मादीचा संसार मार्गी लागला की नर पुढचे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो, हे त्यांनीच नोंदवले. आणखी एक चकवा: सुगरणीची अंडी पांढरी, मुनियांचीही पांढरी, आणि पांढऱ्या कंठाची मुनिया सुगरणीच्या सोडलेल्या घरट्यांत हमखास बिऱ्हाड थाटते. दिवाळीनंतर त्या जुन्या खोप्यातून एखादा पक्षी आत-बाहेर करताना दिसला तर तो सुगरणच असेल असे गृहीत धरू नये.

घर एकाचे, अंडे दुसऱ्याचे, हा प्रकार कोकिळा, पावशा आणि चातक यांच्यामुळे आणखी गुंतागुंतीचा होतो. कावळ्याची अंडी फिकट निळसर हिरवी, तपकिरी फराट्यांची. कोकिळेचे अंडे त्याच धर्तीचे, पण लहान आणि करडेपणाकडे झुकणारे. सातभाईंची अंडी गर्द निळी, तकतकीत, बिनठिपक्याची. चातक आणि पावशा त्यांच्या घरट्यात अंडी घालतात, तीही तशीच निळी. वरून पाहून वेगळेपण सांगणे फार कठीण. सातभाईंनाच ते जमत नाही. अशा घरट्याचा उलगडा पुष्कळदा पिल्ले बाहेर पडल्यावरच होतो. पावसाळ्यात सातभाईंच्या थव्यामागे चिरचिरत फिरणारे, आईबापांसारखे न दिसणारे पिल्लू हा त्याचा दाखला.

पाण्यावरची घरटी काठावरून पाहायची. टिबुकली पाणवनस्पतींचा तरंगता ढीग करते आणि घरटे सोडून जाताना अंड्यांवर ओली पाने ओढते. सुरुवातीला पांढरी असलेली अंडी त्या कुजणाऱ्या पानांमुळे डागाळून तपकिरी होतात. कमळपक्ष्याची चार अंडी तरंगत्या पानांवर असतात, चकचकीत तांबूस-पितळी, आणि ती उबवतो नर. होडीतून जवळ जाणाऱ्याला पाहून पक्षी अंडी उघडी टाकून जातो आणि शेवाळात अडकलेली होडी मागे फिरवताना अंडी पाण्यात जातात. काठ सोडू नये.

महिना हा पुरावा नवशिके सर्वांत कमी वापरतात. गिधाडे, गरुड यांची वीण हिवाळ्यात. रायगडच्या म्हसळा-श्रीवर्धन भागात पांढऱ्या पाठीच्या गिधाडाच्या घरट्यात एकच अंडे असते ते याच काळात. फेब्रुवारी-मार्चपासून खंड्या, तांबट, बुलबुल. एप्रिल ते जून हा कावळा, कोतवाल, टिटवी यांचा ऐन हंगाम. मृगाचा पाऊस झाला की सुगरण, मुनिया, वटवटे, कमळपक्षी आणि बगळ्यांच्या वसाहती. ऑगस्टमध्ये चिंचेवर काटक्यांची दाट घरटी आणि त्यांत निळसर हिरवी अंडी असतील तर ती बगळ्यांची असण्याचा संभव सर्वाधिक. गायबगळ्याची मात्र जवळजवळ पांढरी.

झाडाखाली सापडलेले कवचही बोलते. पिल्लू बाहेर आले असेल तर कवच रुंद टोकाकडून गोलाकार चिरलेले असते, आत कोरडे. भक्षकाने खाल्ले असेल तर वेडेवाकडे भोक आणि कडेला बलकाचे ओघळ. आईबाप रिकामी कवचे उचलून दूर नेऊन टाकतात, म्हणून कवच जिथे सापडले तिथेच वर घरटे असेलच असे नाही. नीको टिनबर्गन यांनी कुरव पक्ष्यांवर प्रयोग करून दाखवले की कवचाची पांढरी आतली बाजू शत्रूला पिल्लांचा पत्ता देते, म्हणून ती हटवली जाते. आणि कुंडीच्या मातीत मऊ, चामड्यासारख्या कवचाची पांढरी अंडी मिळाली तर ती पक्ष्याची नव्हेत. सरडा किंवा साप यांचा विचार करावा. पालीच्या अंड्यांचे कवच मात्र टणक होते, पण ती शेंगदाण्याहून मोठी नसतात आणि बहुधा जोडीने भिंतीच्या फटीत असतात.

हे सगळे वाचायचे ते दुरून. आपण झुडूप बाजूला सारतो तेव्हा वर बसलेला कावळा पाहत असतो, आणि आपण गेल्यावर तो खाली येतो. घरट्याजवळची दहा मिनिटे उन्हाळ्याच्या दुपारी अंड्यांना घातक ठरू शकतात. टिटवी उन्हात अंड्यांवर उभी राहून सावली धरते आणि पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते, ती उगाच नाही. घरट्याचा फोटो समाजमाध्यमावर ठिकाणासह टाकणे हेही तितकेच वाईट. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यातच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे आणि अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे येते.

२०२२ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात महामार्ग रुंद करण्यासाठी एक मोठे झाड पाडले गेले आणि त्यावरच्या घरट्यांतली पाण्यावरच्या पक्ष्यांची कित्येक पिल्ले रस्त्यावर पडून मेली. वनखात्याने गुन्हा नोंदवला, पण पिल्ले गेली ती गेलीच. आपल्याकडे गावोगाव, सोसायट्यांत आणि नगरपालिकांत पावसापूर्वीची छाटणी एप्रिल ते जूनमध्येच होते, म्हणजे कावळा, कोतवाल, बुलबुल यांच्या भर विणीत. आणि राहिलेली छाटणी जुलै-ऑगस्टात, म्हणजे बगळ्यांच्या. धोक्याची फांदी तोडावीच लागते. पण करवत लावण्याआधी अर्धा तास झाडाखाली उभे राहून पक्ष्यांची ये-जा पाहावी, घरटे असेल ती फांदी पिल्ले उडेपर्यंत, फार तर चार-सहा आठवडे, राखावी आणि बाकीची छाटणी हिवाळ्यावर ढकलावी. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने यंदा आपल्या सोसायटीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या बैठकीत एवढी एक मागणी जरूर मांडावी.